दौत उलटी करून बघा : टेबलावरच्या जुन्या टेराकोटा वस्तू आणि नागपूरचं ऊन

टाकदौत (धागाकर्ता)
मंडळी, एका टेराकोटा (भाजलेल्या मातीच्या) दौतीबद्दल नेमकं मत हवंय. वस्तू इतवारीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात आहे, सौदा अजून झालेला नाही.

उंची १९ सेंटीमीटर. टोपलीला टेकून बसलेला मुलगा. टोपलीचं झाकण उचललं की आत दौतीचा खड्डा, पुढे टाक ठेवायची पन्हळ. जाकीट निळसर, टोपी तपकिरी, बाकी माती उघडी. तळाला 'जे एम' ही रोमन अक्षरं आणि चार आकडी नंबर, दोन्ही मातीत दाबलेले. उजवं मनगट कधीतरी जोडलंय, सांधा पिवळा पडलाय. तळाच्या कडेला पांढरी भुकटी. दुकानदाराच्या मते सव्वाशे वर्षं जुनी, इंग्रज साहेबाच्या बंगल्यातली. मागणी साडेसहा हजार.

प्रश्न चार. खरी की नक्कल? पांढरं काय आहे? शंभर वर्षांवरची निघाली तर नोंदवावी लागते का? आणि नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ४६ अंशांना असली वस्तू नागपुरात टिकवायची कशी?

वर्धारोडवाले
'इंग्रज साहेबाचा बंगला' म्हटलं की आधी दोन हजार वजा करायचे, मग बोलायला बसायचं. नागपुरात जितके साहेब राहून गेले त्याच्या दसपट त्यांच्या टेबलावरचं सामान निघालंय.

उलटंपालटं
'जे एम' हा बोहेमियातल्या योहान मारेशच्या कारखान्याचा शिक्का. गाव आउसिग, आजचं चेक प्रजासत्ताकातलं ऊस्ती नाद लाबेम. कारखाना १८४१ चा. तंबाखूच्या बरण्या, काड्यापेटीचे स्टँड, दौती, बसक्या आकृत्या, हा त्यांचा ठरलेला माल. तेव्हा साहेब असलाच तर वस्तू त्याने विकत घेतली असेल, पण घडली इंग्लंडात नाही.

शिक्क्यावर मात्र एवढ्यात भाळू नका. भिंग घेऊन अक्षराची कड बघा. ओल्या मातीत दाबलेल्या अक्षराची कड किंचित वर उचललेली आणि गोलसर असते, खाचेच्या आतला रंग बाहेरच्या मातीसारखाच भाजलेला. भाजल्यानंतर कोरलेलं अक्षर खरबरीत दिसतं, आत फिकट भुगा.

आणि नंबर मॉडेलचा असतो, सालाचा नाही. १८९१ नंबर म्हणजे १८९१ साल असं सांगणारे विक्रेते भरपूर.

साल काढायला देशाचं नाव बरं पडतं. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, १८९१ पासून लागू. म्हणून नुसतं 'ऑस्ट्रिया' लिहिलेला बोहेमियन माल बहुतेक त्यानंतरचा आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. 'चेकोस्लोव्हाकिया' दिसलं की १९१८ नंतरचा, कारण त्याआधी त्या नावाचा देशच नव्हता. देशाचं नावच नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. सगळा माल अमेरिकेला जात नव्हता.

जुनापुराणा
एवढं कशाला? नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घ्या आणि जाकिटावर एक हात फिरवा. रंग सुटला तर नवा, नाही सुटला तर जुना. दोन मिनिटांचं काम.

सांधेवाला
जुनापुराणा, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. त्या काळच्या बोहेमियन टेराकोटावर बऱ्याचदा रंग भाजणीनंतर दिलेला असतो, भट्टीत पक्का केलेला नसतो. अस्सल शंभर वर्षं जुना रंगही ॲसिटोन उचलून नेतो. चाचणी यशस्वी, वस्तू खलास. शिवाय बाजारातल्या रिमूव्हरमध्ये तेल, रंग, सुगंध घातलेला असतो. ते सच्छिद्र मातीत शिरलं की डाग कायमचा.

त्यापेक्षा ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या. ३९५ वाल्या स्वस्त टॉर्चचा जांभळा उजेडच इतका असतो की त्यात चमक बुडून जाते. अंधाऱ्या खोलीत बघायचं. इपॉक्सीचा सांधा बहुतेक निळसर पांढरा उजळतो, चपड्याचं (लाखेचं) जुनं पॉलिश नारिंगी. नंतर लावलेला रंग शेजारच्या रंगाहून वेगळा पडतो, त्याच्या ठिगळाची कड स्पष्ट दिसते. टॉर्च 'कुठे' ते सांगते, 'कधी' ते सांगत नाही, एवढं धरून चाला.

जुनापुराणा
मागे घेतला. लाकडी फ्रेमला चालतं म्हणून सगळीकडे चालत नाही, मान्य.

उलटंपालटं
आता तळ. विक्रेता पुढची बाजू दाखवतो, आपण वस्तू उलटी धरायची. डोकं किंवा हात धरून कधीच उचलायचं नाही. एक तळवा खाली, दुसरा पाठीला.

तळाला मखमल किंवा फेल्ट चिकटवलेलं असेल तर तेवढ्यासाठी किंमत पाडा, किंवा कोपरा उचलू द्या म्हणा. फेल्टखाली बऱ्याचदा प्लास्टर सापडतं. प्लास्टरवर गेरू आणि वार्निश मारलेला माल या बाजारात सगळ्यात जास्त. झिजलेल्या कडेला पांढरा गाभा दिसला की विषय संपला. टेराकोटाच्या टवक्यात मातीचा रंग आतपर्यंत तोच असतो. कधी मधोमध काळपट पट्टा असतो, भाजताना आत हवा न पोचल्याने राहिलेला. तो दोष नाही.

मग तळाच्या भोकातून टॉर्च आत टाका. साच्यात हाताने थापलेल्या वस्तूच्या आत बोटांचे ठसे, कमीजास्त जाडी, दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर थापलेली मातीची वळी दिसते. मातीची पातळ रबडी साच्यात ओतून केलेल्या वस्तूच्या आतली भिंत एकसारखी पातळ आणि गुळगुळीत, बाहेरचा प्रत्येक उंचवटा आतून खळगा म्हणून दिसतो. ओतीव म्हणजे नवीनच असं नाही, कारखान्यांत दोन्ही पद्धती होत्या. पण 'हाताने घडवलेली एकमेव कलाकृती' म्हणून ओतीव माल गळ्यात मारत असतील तर तिथेच थांबा.

पाण्याचा एक थेंब तळाच्या उघड्या मातीवर. टेराकोटा तो काही सेकंदांत पिते. रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या ओतीव) नकलेवर थेंब तसाच बसून राहतो. प्लास्टरही पाणी पितं, म्हणून एकट्या थेंबावर निकाल देऊ नका. रेझिनची शंका असेल तर दुकानदाराच्या परवानगीने तळाला तापलेली सुई टेकवा, प्लास्टिकचा वास येतो आणि सुई रुतते. मातीला काही होत नाही.

शेवटी नखाने वाजवून बघा. अख्खी, नीट भाजलेली वस्तू खणकते. चीर असेल तर भद्द आवाज येतो. तुमच्या मुलाचं मनगट जोडलेलं आहे, पण आवाज धडापाशीही भद्द आला तर आत आणखी एक चीर लपवलेली आहे.

ठेचा_भाकर
दुकानदार म्हनन भाऊ घ्याचं हाय का एक्सरे काढाचा हाय? 😄

उलटंपालटं
म्हणू द्या. न घेता घरी जायला पैसे लागत नाहीत.

अनामिका_ध
टाकदौत, खड्ड्याच्या आत काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. कळीचा मुद्दा तोच.

भाजलेली माती सच्छिद्र. त्यात नुसती शाई ओतली तर ती दोन दिवसांत तळातून टेबलावर येईल. म्हणून वापरायच्या दौतीत एक तर आतून ग्लेज (काचेसारखा लेप) असतो, नाही तर काचेची किंवा चिनी मातीची सुटी कुपी बसवलेली असते. कुपी बहुतेक वेळा फुटून गेलेली असते, पण तिची बैठक राहते: तळाला सपाट गोल, कडेला कुपीचा काठ टेकायला छोटी पायरी. ग्लेज नाही, बैठक नाही, खड्डा वेडावाकडा, असं असेल तर ती दौत म्हणून घडलेलीच नाही. एक तर दागदागिने ठेवायची डबी, नाही तर अलीकडे 'व्हिंटेज' म्हणून केलेला देखावा.

डागही बघा. जुनी लोहयुक्त शाई मातीत मुरून तपकिरी काळी होते, कडा पसरट, आतपर्यंत गेलेल्या. आज ओतलेली निळी शाई ओल्या कापसाच्या एका टिपणीत बोळ्यावर येते. डाग धुऊ मात्र नका, जुनी शाई पाण्याने आणखी पसरते आणि नंतर काही केल्या निघत नाही.

पन्हळीची रुंदी मोजा. टाकाच्या दांडीसाठी ८-१० मिलिमीटरची आडवी पन्हळ पुरते. उभं भोक असेल तर तेवढ्यावरून काळ ठरवू नका, लेखणी उभी ठेवायला तशी भोकं जुन्या दौतींतही असायची.

मोकळाविचार
कायद्याची भीती उगाच घालतात. विदेशी बनावटीच्या वस्तूला आपला पुरातत्त्व कायदा कसा लागेल? तो मंदिरांतल्या मूर्तींसाठी आहे.

कलमबहाद्दर
व्याख्या वाचा. पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अमलात आला ५ एप्रिल १९७६ पासून. शिल्प, चित्र, कारागिरीची कलावस्तू किमान शंभर वर्षं अस्तित्वात असेल तर पुरावशेष. हस्तलिखितांना ७५ वर्षं. वस्तू कोणत्या देशात घडली हा निकष व्याख्येत नाहीच.

नोंदणी सगळ्याच पुरावशेषांना नाही, अधिसूचित प्रकारांनाच लागते. त्या यादीत दगड, धातू, हस्तिदंत यांच्याबरोबर टेराकोटाची शिल्पं आहेत. दौतीवरचा मुलगा शिल्प की टेबलावरची वस्तू, हा वाद इथे घालण्यात अर्थ नाही, तो निर्णय नोंदणी अधिकाऱ्याचा. चारही बाजूंचे फोटो, मोजमाप, खरेदीची पावती घेऊन अर्ज करायचा. त्यांनी 'पुरावशेष नाही' म्हटलं तर ते लेखी घ्या.

आणखी दोन गोष्टी. खासगी माणसाला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. भाच्याला जर्मनीत भेट पाठवतो, हे चालत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, शिवाय दंड. आणि पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून 'सव्वाशे वर्षं जुनी' असं छातीठोक सांगणाऱ्याला ते पावतीवर लिहून मागा. नव्वद टक्के वेळा पावतीवर 'शोपीस' असंच येतं. दुकानदाराचं खरं मत ते.

शंभर वर्षांची रेघ दर वर्षी पुढे सरकते, हेही विसरू नका. काल नुसती जुनी असलेली वस्तू उद्या कायद्यात बसते.

वर्धारोडवाले
'छातीठोक सांगणं आणि पावतीवर शोपीस', हे माझ्या लग्नाच्या बायोडेटालाही लागू आहे.

शेतशिवार
थोडं अवांतर. पवनी, मनसरच्या बाजूने मातीची मुंडकी, बैल, चाकं घेऊन माणसं येतात. 'सातवाहन' म्हणतात, पाचशे-हजारात देतात. दौतीपेक्षा तेच बरं नाही का, आपल्या मातीतलं?

कलमबहाद्दर
नाही. एका शब्दात नाही.

खरं असेल तर ते जमिनीतून आलेलं आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. पवनी, मनसर, आडम, नगरधन या उत्खनन झालेल्या जागा आहेत. नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा मिळाली. ती कोणत्या थरात, कशाबरोबर होती हे नोंदलं गेलं म्हणून तिला अर्थ आहे. पिशवीतून आलेल्या मुंडक्याला थर नाही, गाव नाही, काहीच नाही.

उलटंपालटं
आणि बहुतेक खोटंच असतं. सातवाहनकालीन खेळणी, मूर्ती हा अभ्यासाचा वेगळा विषय. तेर, पैठण, नेवासे इथल्या पांढुरक्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातल्या पोकळ मूर्ती प्रसिद्ध आहेत, म्हणून नकला त्यांच्याच निघतात. नकलेवरची 'जमिनीतली माती' गोंदात कालवून लावलेली असते. ओल्या ब्रशने ती सालपटासारखी निघते. खरी माती छिद्रांत घट्ट बसलेली, कुठे कमी कुठे जास्त, आणि मुळ्यांच्या बारीक काळसर फांद्या उमटलेल्या. पण हे ज्ञान खरेदीसाठी वापरू नका. बघायची हौस असेल तर अजब बंगल्यात जा. १८६३ चं संग्रहालय आहे, आपल्या गावात, आणि आपणच तिथे जात नाही.

'थर्मोल्युमिनिसन्स करून देतो' म्हणणाऱ्यांबद्दलही सांगून टाकतो. त्या चाचणीला वस्तूच्या आडबाजूला छोटं छिद्र पाडून सुमारे शंभर मिलिग्रॅम भुकटी काढतात आणि शेवटचं भाजणं कधी झालं ते काढतात. उत्तर ढोबळ असतं, वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे. दोन हजार वर्षं की वीस वर्षं हे कळतं. १८९० की १९३० हे कळत नाही. दौतीसाठी त्यात पैसे घालू नका.

कौलारू
आपल्याच मातीतलं हवं असेल तर कायद्याच्या कटकटीशिवाय खूप आहे. कोंडागावचे हत्ती घ्या. छत्तीसगडमधून नागपुरात सहज येतात, सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात कारागीर स्वतः असतात. पाय पोकळ, अंगावर घंटा आणि दोऱ्यांची चिकटवलेली नक्षी. घेताना पाय आणि पोट जिथे मिळतात तिथे केसासारखी चीर आहे का बघा. सुकताना जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने आकसतात, तिथेच फाटतं. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांचाच रुबाब, पण पोळ्याचे जुने मातीचे बैल कोणी जपून ठेवत नाही. तो संग्रह करण्याजोगा आहे आणि आजही पन्नास-शंभर रुपयांचा खेळ आहे.

पेपरवेट हवं असेल तर पाडलेल्या घरांची मंगलोरी कौलं बघा. शिक्का आणि फूल असलेला तुकडा कापून, कडा घासून, खाली फेल्ट. पंख्याखाली कागद धरायला याहून दणकट काही नाही. फक्त 'बासेल मिशन, १८६५' वाचून १८६५ चं कौल मिळालं म्हणून नाचू नका. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल, ते पुढे कित्येक वर्षं छापलं जात होतं. 'कॉमनवेल्थ' नाव असेल तर पहिल्या महायुद्धानंतरचं, तेव्हा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला.

ठेचा_भाकर
आमच्या गोठ्यावर अशे दोनशे पेपरवेट हायेत. पावसात गळतेत, एवढाच दोष.

सांधेवाला
पांढऱ्या भुकटीकडे कोणी आलंच नाही, आणि नागपुरात तोच मुख्य रोग.

तो लोणा असू शकतो, चुना असू शकतो, कोणीतरी भरलेलं प्लास्टरही असू शकतं. थोडी भुकटी ब्रशने काचेच्या पट्टीवर झाडून घ्या. चाचणी पट्टीवर करायची, वस्तूवर नाही. एक थेंब पाणी: पूर्ण विरघळली तर विद्राव्य क्षार, म्हणजे लोणा. विरघळली नाही तर एक थेंब पांढरं व्हिनेगर: फसफसली तर चुन्याचा प्रकार. दोन्हीला दाद नाही दिली तर प्लास्टर समजा.

टवका उडून मधोमध पांढरा ठिपका दिसत असेल तर गोष्ट वेगळी. मातीत राहिलेला चुनखडीचा खडा भट्टीत कळीचा चुना होतो, पुढे हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरची कपची उडवतो. आपल्याकडच्या कंकरमिश्रित मातीत हे फार. कारखान्याच्या गाळलेल्या मातीत क्वचित.

लोणा वाढतो कूलरमुळे. मे महिन्यात दुपारी बाहेरची हवा कोरडी ठणठणीत. आत कूलर लावला की तीच हवा ओली होऊन सरळ शोकेसवर. रात्री कूलर बंद, पुन्हा कोरडं. ओलाव्यात क्षार विरघळतात, कोरडं झालं की पृष्ठभागाच्या जरा आत स्फटिक बनतात, फुगतात, आणि वरचा पापुद्रा सोलून काढतात. दिवसाला एक फेरा धरला तर एका उन्हाळ्यात नव्वद. पन्नास वर्षं बंद ट्रंकेत टिकलेली वस्तू दोन मोसमांत भुगा होते.

म्हणून कूलरच्या झोतात कधी नाही, त्याच खोलीत ठेवायची तर काचेच्या बंद कपाटात. आत सिलिका जेलची थैली, पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदलून. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, जुन्या घरांत भिंतीलाच लोणा असतो.

क्षार काढायचे तर आधी कोरड्या मऊ ब्रशने. रंगीत वस्तू पाण्यात बुडवायची नाही, बंगालमधल्या कृष्णनगरच्या बाहुल्यांसारखी कच्ची किंवा अर्धवट भाजलेली तर नाहीच नाही, चिखल होईल. बिनरंगाची, खणखणीत भाजलेली असेल तरच डिस्टिल्ड पाण्यात ठेवायची. चोवीस तासांनी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) आकडा बघायचा, लिहायचा, पाणी बदलायचं. पहिले दोन-तीन दिवस आकडा उडी मारतो, मग उतरत जातो. दोन दिवस लागोपाठ नव्या पाण्याच्या आकड्याच्या आसपास राहिला की काढायची आणि सावलीत, पंख्याशिवाय, आठवडाभर वाळू द्यायची. नळाच्या पाण्यात हे करणं म्हणजे मीठ काढायला मीठ घालणं.

ॲसिड नाही. टाइल्स धुवायचं तर मुळीच नाही. ते मातीतला चुना खातं आणि क्लोराइड मागे सोडतं, म्हणजे उद्याच्या लोण्याची पेरणी.

अनामिका_ध
आणि ते पिवळं मनगट? पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक गोंदाने परत जोडता येईल ना? संग्रहालयांत तेच वापरतात.

सांधेवाला
येईल, पण इथे एक मेख आहे. बी-७२ चं काचसंक्रमण तापमान साधारण ४० अंश. त्याच्या वर ते मऊ पडू लागतं. लंडनमध्ये ही अडचण नाही. नागपुरात पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या बंद खोलीत मे महिन्यात पारा ४० च्या वर बसूनच असतो. सांधा एकदम सुटत नाही, वजनाने हळूहळू सरकतो. जूनमध्ये बघावं तर हात दोन मिलिमीटर खाली आणि मध्ये काळी रेघ. वजन पेलणाऱ्या सांध्याला त्याच घराण्यातलं बी-४४ बरं, त्याचं हेच तापमान ६० च्या आसपास. बी-४८एन मधलं, ५० च्या जवळ. काही जण बी-७२ मध्ये बी-४४ मिसळून वापरतात, नुसतं बी-४४ ठिसूळ वाटतं म्हणून. मनगटावर भार नाही, तिथे बी-७२ चालेल, वस्तू थंड खोलीत असेल तर.

कृती: बी-७२ चे दाणे आणि ॲसिटोन वजनाने निम्मे निम्मे. दाणे मलमलच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत लोंबकळत ठेवा, रात्रभरात विरघळतात. तळाला टाकले तर गोळा होऊन बसतो. आधी दोन्ही तुटक्या कडांना पाच टक्क्यांचं पातळ द्रावण ब्रशने पाजा, वाळू द्या. नाहीतर कोरडी माती सगळा गोंद पिऊन टाकते आणि सांधा उपाशी राहतो. मग घट्ट द्रावणाची बारीक रेघ एकाच कडेला, दाबून धरायचं, आणि हात वर येईल अशी वस्तू वाळूच्या तसराळ्यात रोवून ठेवायची. गुरुत्वाकर्षणच क्लँप.

वेळ पहाटेची. दुपारी ॲसिटोन इतकं झपाट्याने उडतं की सांध्यात बुडबुडे राहतात आणि रेघ पांढरी पडते. खिडकी उघडी, गॅस आणि उदबत्ती बंद.

जुना सांधा आधी सोडवावा लागेल. पिवळा म्हणजे बहुधा इपॉक्सी, तो विरघळत नाही, फक्त फुगून ढिला होतो. चपडा असेल तर स्पिरिटने सुटतो, सरस असेल तर कोमट पाण्याच्या ओल्या कापसाने, फेविक्विक ॲसिटोनने. रंग जवळ असल्याने इथे अत्यंत जपून, किंवा नकोच. पिवळा पण घट्ट सांधा राहू देणं हाही निर्णयच असतो.

इपॉक्सी का नको, तर तो मातीपेक्षा कडक. पुढच्या धक्क्याला सांधा टिकतो आणि शेजारची अस्सल माती तुटते.

जुनापुराणा
फेविकॉल?

सांधेवाला
पावसाळ्यात ओल धरतो, उन्हाळ्यात मऊ पडतो. नागपुरात दोन्ही ऋतू भरपूर.

मोकळाविचार
वाहतुकीचं कोणी सांगेल का? मोठी वस्तू रेल्वेने आणायची आहे.

कौलारू
दोन खोके. आतल्या खोक्यात वस्तू मऊ कागदात, बाहेर आलेले हात-पाय, कान यांच्या भोवती पोकळ्या आधी भरायच्या आणि मगच बबल गुंडाळायचं, नाहीतर दाब नेमका बोटांवर येतो. दोन खोक्यांच्या मध्ये सगळीकडून किमान पाच सेंटीमीटर भराव. झाकण, कुपी वेगळी. बबलचे फुगे टेराकोटाला थेट लावू नका, गरमीत रंगावर गोल ठसे उमटतात. बाहेरचं खोकं म्हणून संत्र्याची पेटी वापरू नका. हमाल संत्री समजूनच टाकतात.

टाकदौत
सगळ्यांचे आभार. काल भिंग, मोजपट्टी आणि टॉर्च घेऊन पुन्हा पाहिली. निरीक्षणं:

खड्ड्यात ग्लेज नाही, पण कुपीची पायरी आहे. पायरी फार अरुंद, काचेची कुपी टेकेल असं वाटत नाही. आतली भिंत एकसारखी पातळ, गुळगुळीत. अक्षरं ओल्या मातीतलीच, कड गोलसर, पण जरा जास्तच गोलसर, नंबरातला शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाही. ८ धरून शोधलं तर काही नाही. ३ धरून एका लिलावाच्या जुन्या सूचीत हाच मुलगा, हीच टोपली मिळाली. तिथे उंची २१.५ सेंटीमीटर. फोटोत जाकिटाला चार बटणं ठळक आहेत, इथे चार पुसट फुगवटे. भुकटी पाण्यात विरघळली नाही, व्हिनेगरलाही नाही. दुकानात नेण्यासारखी यूव्ही टॉर्च नव्हती.

उलटंपालटं
बाकी सगळं बाजूला ठेवा, उत्तर मोजपट्टीने दिलंय.

माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण ८ ते १२ टक्के आकसते. अस्सल वस्तूवरून साचा काढून पुन्हा मातीत ओतली तर नक्कल तेवढी लहान होते, कारण मूळ वस्तू आधीच एकदा आकसलेली असते. २१.५ चे १९ म्हणजे साडेअकरा टक्क्यांहून थोडं जास्त. बटणं पुसट, आकडा वाचता येत नाही, कुपीची पायरी कुपी मावणार नाही इतकी अरुंद, सगळं त्याच कारणाने. शिक्का खोटा कोरलेला नाही, वस्तूबरोबर साच्यातूनच आलाय, म्हणून कड गोल. न विरघळणारी भुकटी हे बहुधा तळ सपाट करायला भरलेलं प्लास्टर.

एक शंका ठेवतो. काही आकृत्या कारखाने दोन-तीन मापांत काढत. पण तेव्हा लहान मापही नव्या साच्यातून निघतं, बटणं तिथेही ठळकच हवीत. इथे माप आणि तपशील दोन्ही एकदम उतरलेत. नक्कलच.

कलमबहाद्दर
म्हणजे नोंदणीचा प्रश्नही मिटला, नक्कल कालपरवाची असेल तर. पावतीवर 'शोपीस' लिहून घ्या, या वेळी ते खरं असेल.

टाकदौत
हजार-बाराशेला देत असेल तर घ्यावी का?

सांधेवाला
घ्या. मनगटावर सराव करायला याहून चांगली वस्तू मिळणार नाही. आधी सांधा कशाचा आहे ते ओळखायचा प्रयत्न करा: स्पिरिट, मग कोमट पाणी, शेवटी ॲसिटोन, प्रत्येकाचा एकेकच बोळा, आणि मध्ये एक दिवस सोडून. रंग सुटला तर किती सुटतो तेही कळेल. हे अस्सल मालावर शिकायचं नसतं.

अनामिका_ध
आणि शाई ओतू नका त्यात. पेन ठेवा, किंवा रबरं.

ठेचा_भाकर
मंग साहेबाचा बंगला बी साडेअकरा टक्के लहानच असन.